दूरचा एकच ठिपका

(दृश्य : सकाळचे स्वारगेट बसस्थानक. त्यानंतर पेट-सीटी केंद्रातील प्रतीक्षाकक्ष.)

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण सातारा किंवा सोलापूरहून पेट-सीटी स्कॅनसाठी पुण्यात येतो, तेव्हा तो उपाशीपोटी असतो आणि त्याच्यासोबतच्या मंडळींच्या मनात एकच प्रश्न असतो : आजार छातीतच आहे की पसरला आहे? शिरेतून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर दिली जाते, तासभर स्वस्थ पडून राहण्यास सांगितले जाते आणि मग कवटीच्या तळापासून मांड्यांपर्यंत शरीराचे चित्रण होते. ज्या पेशी साखर भराभर ओढून घेतात, त्या पडद्यावर उजळतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु तशा असणाऱ्या पेशी केवळ कर्करोगाच्याच असतात असे नाही, आणि या चित्रफितीचा विषय नेमका तोच आहे.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर मूत्रपिंडावरील लहान गाठ.)

समजा, अहवालात लिहून आले की डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडाच्या डोक्यावरची, हार्मोन स्रवणारी छोटी ग्रंथी) दोन सेंटिमीटरची गाठ असून ती मेटास्टॅसिस म्हणजे कर्करोगाचा प्रसार असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी असते. अहवाल मात्र त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो, भावकीच्या व्हॉट्सॲप गटात फिरतो आणि ‘शक्यता’ हा शब्द वाटेतच गळून पडतो. घरात ‘चौथी स्टेज’ असा निकाल लागलेला असतो.

फुप्फुसाचा कर्करोग ॲड्रिनल ग्रंथीत पसरतो हे खरे आहे. यकृत, हाडे आणि मेंदू यांच्याबरोबर तिचे नाव नेहमी घेतले जाते. पण कर्करोग नसलेल्या माणसांच्या पोटाचे सीटी स्कॅन पाहिले, तरी शंभरांत चार-पाच जणांच्या ॲड्रिनलमध्ये गाठ सापडते, वय वाढते तसे हे प्रमाण वाढते आणि त्यांतील बहुतेक गाठी ॲडेनोमा म्हणजे साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या असतात. साठी ओलांडलेल्या रुग्णाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींशी काहीही संबंध नसताना, असू शकतात.

ॲडेनोमाच्या पेशींत बहुधा चरबी भरलेली असते आणि चरबीमुळे सीटीवर गाठीची घनता कमी भरते. कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे औषध) न देता काढलेल्या चित्रात एकसारख्या दिसणाऱ्या गाठीची घनता १० हाउन्सफील्ड एकक किंवा त्याहून कमी असेल, तर ती साधी असल्याचे जवळजवळ निश्चित मानता येते. काही ॲडेनोमांत चरबी कमी असते. तेथे हे माप उपयोगी पडत नाही आणि विशिष्ट प्रकारचा एमआरआय किंवा सुईने तुकडा घेऊन केलेली तपासणी करावी लागते.

(दृश्य : कानाखालच्या गालाचा भाग दाखवणारे स्कॅन.)

दुसरे उदाहरण अधिक चकवणारे आहे. कानाजवळच्या पॅरोटिड लाळग्रंथीत वार्थिन ट्यूमर नावाची साधी गाठ होते. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांनी, खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे ती एफडीजी जोरात शोषते आणि पेटवर कर्करोगासारखीच झगझगीत दिसते. ही गाठ धूम्रपान करणाऱ्यांमध्ये विशेष आढळते. वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्या माणसाच्या फुप्फुसात कर्करोग आणि गालात वार्थिन, असे दोन्ही एकाच तंबाखूने घडवलेले असू शकते. म्हणून हा योगायोग वाटतो तेवढा दुर्मीळ नाही.

मेंदूच्या आवरणातली गाठ म्हणजे मेनिंजिओमा, यकृतातली किंवा मणक्यातली रक्तवाहिन्यांची गाठ म्हणजे हिमँजिओमा, हाडातला घट्ट पांढरा ठिपका म्हणजे बोन आयलंड, ही याच यादीतली आणखी नावे. आपल्याकडे क्षयरोगाच्या गाठींची भर त्यात पडते. त्या ट्यूमर नव्हेत, पण छातीतल्या लसीका ग्रंथी क्षयानेही उजळतात, हे महाराष्ट्रातल्या डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही.

(दृश्य : ट्यूमर बोर्डाची, म्हणजे कर्करोगाच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांची, एकत्र बैठक.)

झुरिचमधील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे फार बोलका आहे. फुप्फुसाचा कर्करोग नव्याने निदान झालेल्या ३५० रुग्णांपैकी ७२ जणांच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाबाहेर एकच संशयास्पद जागा दिसली. त्यांपैकी ६९ जणांच्या त्या जागेची पेशीतपासणी झाली, तेव्हा ३७ जणांत ती खरोखरच प्रसाराची निघाली. उरलेल्या ३२ जणांत तिचा फुप्फुसातील कर्करोगाशी संबंध नव्हता. त्यातील २६ जागा साध्या गाठींच्या किंवा दाहाच्या होत्या आणि ६ जागी दुसराच कर्करोग होता. म्हणजे एकाच ठिपक्याच्या भरवशावर ‘पसरलंय’ म्हणणे हे जवळजवळ नाणेफेक करण्यासारखे झाले असते.

म्हणून शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रुग्ण केवळ अशा एका ठिपक्यामुळे शस्त्रक्रियेबाहेर जाणार असेल, तर आधी पेशीतपासणी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. येथे घरातून विरोध होतो. ‘गाठ चाळवू नये, सुई लागली की पसरते,’ असे वडीलधारी मंडळी बजावतात. सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी रुजणे ही दुर्मीळ घटना आहे; त्या भीतीपोटी तपासणी टाळून चुकीची अवस्था ठरवणे हा फार महागात पडणारा सौदा ठरतो. ॲड्रिनलबाबत मात्र एक खबरदारी खरोखर महत्त्वाची आहे. गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनॅलिनसारखी हार्मोने स्रवणारी, असेल तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब धोकादायकरीत्या उसळू शकतो. त्यामुळे सुई टाकण्यापूर्वी मेटानेफ्रिनची (त्या हार्मोनांपासून बनणाऱ्या पदार्थांची) रक्त किंवा लघवीची चाचणी करून घेतात. डाव्या ॲड्रिनलपर्यंत जठरातून दुर्बिणीच्या साहाय्याने पोहोचता येते.

शरीरात अनेक ठिकाणी एकसारखे ठिपके असतील, तर प्रत्येकाचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो. तेथे उपचाराला उशीर होऊ न देणे महत्त्वाचे. एकच जागा खरोखर प्रसाराची निघाली, तरी कर्करोगाची अवस्था ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून तिला अनेक जागांच्या प्रसारापासून वेगळे स्थान दिले आहे आणि निवडक रुग्णांत त्या जागेवरही शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार करतात.

गाठ साधी निघाली की शस्त्रक्रियेची चर्चा पुन्हा सुरू होते. वार्थिन गाठीकडे घाई नसते. ॲडेनोमाची मात्र आणखी एक चौकशी उरते, कारण साधी गाठही हार्मोन स्रवत असू शकते : रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी, सकाळी रक्तातील कॉर्टिसोल आणि रक्तदाब असल्यास अल्डोस्टेरोनची तपासणी. जुन्या स्कॅनची सीडी घरात कुठे पडली असेल, तर ती भेटीला सोबत न्यावी. तीन वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती असे दिसले, तर डॉक्टरांचे अर्धे काम तेथेच होते.