कचेरी पाण्यात गेली, तर कारभार कुठे?

[दृश्य : ऑगस्टमधील कृष्णाकाठ, चिकोडी तालुका. रस्त्याची कड दिसत नाही. दिसतात ते फक्त विजेचे खांब.]

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात जवळजवळ एकाच वेळी पात्र सोडले. निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर चढले आणि बेळगाव-कोल्हापूर वाहतूक थांबली. गोकाकमध्ये घटप्रभा बाजारपेठेत शिरली, तर रामदुर्ग तालुक्यातील गावांना मलप्रभेने वेढा घातला. २०२१ च्या जुलैत महामार्गावर पुन्हा तेच पाणी आले. या पुरांची हकिकत घरे, जनावरे आणि ऊस यांच्या नुकसानीतून सांगितली गेली, आणि ते योग्यच होते. आपण मात्र तिच्यातील एका रुक्ष वाटणाऱ्या भागाकडे पाहणार आहोत. सरकारी कचेरीच वापरण्याजोगी उरली नाही, तर तिचे काम कोणी, कुठे बसून आणि कोणत्या कागदाच्या आधारे करायचे?

२०१९ मध्ये कर्नाटक सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला तातडीची मदत म्हणून १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले. ही रक्कम खात्यावर जमा होण्याआधी पंचनामा व्हावा लागतो, मालकीचा कागद पाहावा लागतो, यादी तयार होऊन तिच्यावर अधिकाऱ्याची मंजुरी पडावी लागते. म्हणजे ज्या आठवड्यात तहसील कचेरीत पाणी शिरण्याचा धोका सर्वाधिक, त्याच आठवड्यात तिच्या दारातली रांगही सर्वांत लांब असते.

कायदा याबाबतीत मुका नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. ३२ व्या कलमाने जिल्हा पातळीवरील प्रत्येक सरकारी कार्यालयावर आणि स्थानिक संस्थेवर स्वतःचा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तरीही अशा आराखड्यांचा स्वभाव बाहेर पाहण्याचा असतो. बोटी किती, निवारा केंद्रे कोणती, कोणत्या गावाला आधी हलवायचे, हे सारे त्यात सापडते. ज्या टेबलावर हा आराखडा लिहिला गेला, ते टेबलच पाण्याखाली गेले तर काय, हा प्रश्न सहसा मागे राहतो.

[दृश्य : तहसील कचेरीचा व्हरांडा, लाल फडक्यात बांधलेले बस्ते.]

अमेरिकेत संघराज्याच्या कार्यालयांना घालून दिलेला दंडक असा, की अत्यावश्यक कामे १२ तासांच्या आत दुसऱ्या जागेवरून सुरू व्हावीत आणि गरज पडल्यास ३० दिवसांपर्यंत तेथूनच चालावीत. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणण्याचे कारण नाही. मात्र त्यामागे एक निवड दडलेली आहे, ती आपल्यालाही चुकवता येत नाही. पुराच्या काळात नियंत्रण कक्ष, पंचनामे, मदतीचे वाटप, रेशन आणि मृत्यूची नोंद थांबून चालणार नाही. फेरफाराच्या सुनावण्या आणि सभांची इतिवृत्ते काही आठवडे थांबू शकतात. ही यादी करणे कठीण जाते, कारण आपले काम थांबले तरी चालेल असे कोणत्याही शाखेला लिहून द्यायचे नसते.

पाणी हे एकच कारण नव्हे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा जीव गेला आणि अनेक विभागांना दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत तर इमारती शाबूत होत्या, आत जाण्याचीच मुभा नव्हती.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. कर्नाटकाने २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर घेतले आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याचे चलन बंद केले. त्यामुळे चालू उतारा एखाद्या कचेरीबरोबर बुडत नाही. पण ‘सगळे संगणकावर आहे’ या वाक्यावर निर्धास्त राहणेही बरे नाही. दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली, तेव्हा ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणाऱ्या एका प्रणालीची दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती, हे त्यानंतर उघड झाले. प्रत एकाच छपराखाली असेल, तर तिला प्रत म्हणण्यात अर्थ नाही.

सीमाभागात याहून नाजूक आहेत ते जुने कागद. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यापूर्वीच्या दप्तरात मराठी कागद आहेत, त्यांतले कितीतरी मोडी लिपीत आहेत, आणि रामदुर्गसारख्या संस्थानांचा कारभार १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत वेगळाच चालत होता. वारसाचा किंवा इनामाचा वाद निघाला की याच कागदांपर्यंत जावे लागते. त्यांची जागा खालच्या मजल्यावरील कोपऱ्यात नसावी, एवढी साधी गोष्टसुद्धा इमारतीचा नकाशा काढताना सुटून जाते, कारण जड कपाटे खाली ठेवणे सोयीचे असते. विजेचा जनरेटर आणि बॅटऱ्या यांचेही तेच.

कागद भिजलाच, तर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. भिजलेले बस्ते उन्हात उघडून पाने सोडवण्याचा मोह होतो. त्यात पाने फाटतात आणि शाई पसरते. हाताशी माणसे थोडी आणि बस्ते पुष्कळ असतील, तर ते तसेच गोठवून ठेवावेत आणि पुढे सवडीने सुकवावेत, ही अभिलेखागारांची मान्य पद्धत आहे. अथणी-विजयपूरच्या द्राक्षपट्ट्यात बेदाण्यासाठी शीतगृहे आहेत. ती सहसा गोठणबिंदूच्या वरच चालतात, त्यामुळे त्यांतील एखादा कक्ष तेवढा थंड करता येईल काय, याची विचारणा आणि करार मे महिन्यातच करून ठेवावा लागेल. ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नाही.

[दृश्य : अधिकाऱ्याच्या टेबलावरील शिक्का, शाईचा पॅड आणि बोटाचा ठसा घेणारे यंत्र.]

कागदाइतकाच प्रश्न सहीचा. तहसीलदार पलीकडच्या काठावर अडकले, तर मंजुरी कोण देणार? ‘प्रभारी’ हा शब्द आपल्या कचेऱ्यांना नवा नाही, पण प्रभार बहुधा रजेच्या वेळी आदेश काढून दिला जातो. येथे आदेश आधीच निघालेला असावा लागतो, आणि त्यात एक नव्हे, तर क्रमाने दोन-तीन अधिकारी नेमलेले हवेत. भूमी प्रणालीत बोटाचा ठसा दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. म्हणून त्या अधिकाऱ्यांचे ठसे आणि डिजिटल सह्या आधीच नोंदवलेल्या नसतील, तर कागदावर मिळालेल्या अधिकाराचा प्रत्यक्षात काही उपयोग होत नाही.

पर्यायी जागा ठरवताना नकाशावरील अंतर फसवते. गोकाकजवळ लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला की समोर दिसणारे गावही अर्ध्या दिवसाचे होते. म्हणून जागा केवळ उंचावर असून भागत नाही. कर्मचारी ज्या काठावर राहतात त्याच काठावर ती असावी, आणि तेथे इंटरनेटची जोडणी, छपाईयंत्र, कोऱ्या नमुन्यांचे गठ्ठे व शिक्क्याची दुसरी प्रत आधीच पोहोचलेली असावी. शाळा हा पहिला सुचणारा पर्याय. पण पुरात शाळेत निवारा केंद्र असते, हे विसरता कामा नये.

आणि जागा बदलली हे लोकांना कळणार कसे? भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षण योजनेनुसार, ज्या तालुक्यात त्यांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, अशी तरतूद आहे. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील खेड्यात ज्या म्हाताऱ्या माणसाला कन्नड वाचता येत नाही, त्याच्यासाठी बंद दारावरचा कन्नड फलक कोराच असतो. फलक दोन्ही भाषांत आधीच रंगवून ठेवता येतो. ज्यांना लोक अजूनही तलाठी म्हणतात, त्या ग्रामअधिकाऱ्यांकडून गावोगाव दवंडीही देता येते.

[दृश्य : पाणी ओसरलेली इमारत. भिंतीवर गाळाची रेघ.]

परतण्याची घाई करू नये. विद्युत तपासणी होऊन इमारत सुरक्षित असल्याचा लेखी दाखला मिळाल्यावरच कचेरी मूळ जागी आणावी. मधल्या काळात पर्यायी जागेवर हाताने दिलेल्या पावत्या, घेतलेले अर्ज आणि केलेल्या आदेशांचे क्रमांक वेगळ्या नोंदवहीत असतात. ती वही मुख्य आवक-जावक नोंदवहीशी ओळ न् ओळ ताडून पाहायची, शेवटच्या क्रमांकाखाली रेघ ओढायची, तारीख घालून अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि मग ती अभिलेख कक्षात, वरच्या मजल्यावर ठेवायची.