अडलेली ओळ

मित्रहो, आधी घरातली एक गोष्ट सांगतो. माझी भाची इगतपुरीला विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आली. आम्ही वसईचे कॅथलिक. पुढच्या रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती माझ्या शेजारी उभी होती. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, सुरू झाला आणि 'स्वर्ग व पृथ्वी यांचा निर्माणकर्ता' इथे तिचा आवाज थांबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, मी खोटं बोलतेय असं वाटलं."

तिच्या वयाचा असताना मीही असंच काही विचारलं होतं. 'शंका घेणं पाप आहे,' एवढंच उत्तर मिळालं. ते तिला द्यायला माझी जीभ वळेना. मग मी तिला एका फ्रेंच साधूची हकीकत सांगितली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आंरी ल सो हा ब्रिटनी प्रांतातला. जन्म १९१०चा. विशीच्या आतच बेनेडिक्टाइन या कॅथलिक साधुसंघाच्या मठात गेला, धर्मगुरू झाला आणि १९४८ साली भारतात आला. इथे ख्रिस्ती संन्यासाचं रोप लावायचं, हा हेतू. १९५० साली फादर मोन्शानँ यांच्याबरोबर त्याने तमिळनाडूत कावेरीकाठी कुळित्तलैजवळ शांतिवनम् हा आश्रम काढला. भगवी वस्त्रं घातली, नाव घेतलं अभिषिक्तानंद. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थच मुळी 'अभिषिक्त'. नाव बदललं, पण ज्याच्यासाठी घर सोडलं तो त्या नावातच राहिला.

त्याआधी, १९४९च्या जानेवारीत, तो तमिळनाडूतच तिरुवण्णामलैला, देव आणि जीव एकच हे अद्वैत सांगणाऱ्या रमण महर्षींच्या दर्शनाला गेला होता. पहिल्या दर्शनात त्याची निराशा झाली. समोर एक प्रेमळ म्हातारे गृहस्थ बसलेले, एवढंच दिसलं. आश्रमातल्या एका बाईंनी त्याला सांगितलं, की तुम्ही डोक्यात फार सामान भरून आला आहात. मग त्याला ताप चढला, आणि त्या तापात काहीतरी आत शिरलं ते कायमचं. पुढे १९५२पासून तो तिथल्याच अरुणाचल डोंगराच्या गुहांमध्ये जाऊन राहू लागला.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या मराठी कानांना त्याची तगमग चटकन कळत नाही. आपल्याकडे ज्ञानोबा अद्वैत सांगतात आणि विठोबापुढे उभेही राहतात. आपण म्हणतो, मग अडचण काय? पण बेनेडिक्टाइन साधूचं सगळं आयुष्य 'हे पित्या' या हाकेवर उभं असतं. निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी. त्या गुहेत त्याला अनुभव आला तो दुसरं कुणी नसल्याचा. मग हाक मारायची कुणाला? आणि मारणारा तरी कोण? डायरीत त्याने स्वतःलाच विचारलं आहे, की अद्वैतात मला देव सापडतो आहे, की फक्त मीच? आपण चर्चशी बेइमान झालो तर नाही ना, ही भीती वर्षानुवर्षं त्याच्या पानांत आहे. आणि हे दिवस फार आधीचे होते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकनच्या परिषदेने जाहीर केलं ते १९६५ साली. म्हणजे हा माणूस दहा-पंधरा वर्षं कसल्याही आधाराविना त्या कड्यावर उभा होता. जिवाभावाचे सोबती मोन्शानँ, तेही अद्वैताच्या वाटेवर त्याच्याइतके पुढे यायला तयार नव्हते.

सुटकेच्या दोन वाटा होत्या. चर्च सोडायचं, नाहीतर अरुणाचल विसरायचा. तिसरी एक स्वस्त वाट आजकाल फार चालते, 'सगळे धर्म सारखेच' म्हणून मोकळं व्हायचं. मला ती मनापासून नको वाटते. तिच्यात येशूचंही ऐकलेलं नसतं आणि रमणांचंही. अभिषिक्तानंदांनी तिन्ही नाकारल्या. नंतरच्या वर्षांत ते उत्तरकाशीजवळ ज्ञान्सूच्या कुटीत राहायचे. तिथे उपनिषदं होती आणि मिस्साही होती. उत्तर न सापडता त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही धरून ठेवलं, आणि त्या ओढाताणीत जे दुखलं ते लपवलं नाही.

१४ जुलै १९७३ला ऋषिकेशच्या रस्त्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते रस्त्यावर पडून राहिले, आणि पुढच्या पत्रांतून त्या घटकेबद्दल कमालीच्या आनंदाने लिहीत राहिले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंदूरला ते गेले.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी रविवारी येऊ की नको?" मी म्हटलं, "ये. जी ओळ अडते तिथे गप्प राहा. म्हणायची म्हणून म्हणू नकोस."

ती येते. त्या ओळीला अजून गप्प असते. मी शेजारी उभा असतो. हल्ली त्या ओळीला माझाही आवाज जरा हळू होतो, आपण काय म्हणतो आहोत ते ऐकू यावं म्हणून.