चाकांच्या पंपाची वायरिंग

मित्रहो, घरी बांधलेल्या विमानात चाके आत-बाहेर करण्याचे काम बहुधा विजेवर चालणारा एक छोटा हायड्रॉलिक पंप करतो. मोटर एका दिशेने फिरली की तेलाचा दाब चाके वर घेतो, उलट फिरली की खाली सोडतो. या दोन दिशांसाठी दोन काँटॅक्टर असतात, म्हणजे कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोटरचा मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे स्विच, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

माझे विमान जॅकवर उचलून मी एकदा चाकांची चाचणी घेत होतो. चाके वर गेली, ‘पंप चालू’चा दिवा विझला, आणि तरीही मोटरची घरघर थांबेना. तेलाचा दाब पुरेसा झाला की उघडणाऱ्या प्रेशर स्विचने कॉइलचा प्रवाह वेळेवर तोडला होता. पण काँटॅक्टरचे आतले संपर्क ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले होते. जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमुळे नळी फुटली नाही, मात्र थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेली ती मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली. चूक माझी होती, कारण दिव्याची वायर मी कॉइलवरून घेतली होती. आता ती, लहान फ्यूज घालून, काँटॅक्टरच्या मोटरकडील टोकावरून घेतली आहे. पंपाचा सर्किट ब्रेकरही ओढून बंद करता येईल असा, आणि पट्टा बांधलेल्या अवस्थेत हात पोहोचेल अशा जागी बसवला आहे.

संपर्क चिकटण्याचे एक कारण पातळ वायर हेही असते. व्होल्टेज पडले की कॉइलची पकड ढिली होते आणि संपर्क थरथरतात. १४ व्होल्टच्या यंत्रणेत, थोडा वेळ चालणाऱ्या भारासाठी १ व्होल्टपर्यंतची घट मान्य आहे. जाऊन-येऊन ५ मीटर वायर आणि ४० अँपिअर प्रवाह धरला, तर ३.३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ही मर्यादा ओलांडली जाते, ८.४ च्या वायरीत घट सुमारे ०.४ व्होल्टच राहते. शिवाय सुरुवातीचा प्रवाह याच्या कितीतरी पट असतो. फायबरच्या विमानात सांगाड्यातून वीज परतत नाही, म्हणून परतीची वायरही तितकीच जाड हवी. कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) लावावा. तो प्रेशर स्विच आणि चाके वर-खाली करण्याच्या हँडलच्या नाजूक संपर्कांना ठिणगीपासून वाचवतो.

जमिनीवर असताना चाके वर जाऊ नयेत यासाठीचा स्विच असा जोडावा, की त्याची वायर तुटली तर ‘वर’च्या सर्किटमध्ये वीज जाणारच नाही. हिरवे दिवे तीन, प्रत्येक चाकाच्या लॉकवरील स्वतंत्र मायक्रोस्विचचे, हँडलवरचे कदापि नकोत.

आणीबाणीत तेल सोडून चाके स्वतःच्या वजनाने खाली आणायची सोय असते. हँडल ‘वर’ ठेवूनच व्हॉल्व्ह उघडला तर दाब पडतो, प्रेशर स्विचला चाके वर घ्यायला हवीत असे वाटते, आणि पंप आपल्याच विरुद्ध काम करू लागतो. म्हणून आधी हँडल खाली, मग ब्रेकर बाहेर, मग व्हॉल्व्ह. हा क्रम विमान जॅकवर असतानाच, तिन्ही हिरवे दिवे लागेपर्यंत, अनेकदा करून पाहावा. त्या दिव्यांचा ब्रेकर पंपाच्या ब्रेकरपासून वेगळा आहे ना, याचीही तेव्हाच खात्री होते.