संशयी मनाला गीतेत जागा आहे

आपल्यापैकी बहुतेकांनी रत्नागिरीजवळच्या पावसला जाऊन स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतलेले असेल, म्हणून मी त्यांचा परिचय करून देत नाही. आजचा विषय गीतेतील संशयी मनाचा आहे, पण मनात फार दिवस असलेली एक तक्रार आधी मांडतो. आपण संतांची चरित्रे शेवटाकडून सांगतो. शांत चेहऱ्याची तसबीर पुढे ठेवतो आणि त्या शांतीपूर्वीची घालमेल गाळून टाकतो. मग स्वतःवरचा विश्वास उडालेला एखादा तरुण ती तसबीर पाहून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून माघारी फिरतो. याचे मला खरोखर दुःख होते.

१९०३ साली जन्मलेले रामचंद्र विष्णू गोडबोले, म्हणजेच पुढचे स्वामी स्वरूपानंद, असहकाराच्या हाकेने शिक्षण सोडून चळवळीत उतरले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला. देशकार्य हेच ज्याचे जगणे, त्या माणसाला १९३४ मध्ये आजाराने अंथरुणाला खिळवले. तेव्हाची व्याकुळता आणि तिच्यातून उमललेली शांती त्यांच्या ‘अमृतधारा’ या त्यांच्या पुस्तकातील साक्यांत, म्हणजे साकी वृत्तातील पद्यांत, उतरली आहे. पुढे १९७४ पर्यंत ते पावसच्या देसायांच्या घरी राहिले आणि ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगात आणली. तुकोबांचेही तेच. दुष्काळात बायको अन्न अन्न करीत गेली, जिवाला लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले. आपण मात्र ते घाईने ओलांडून विठ्ठलापाशी पोचतो.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय थोडक्यात सांगतो. ‘संशयात्मा विनश्यति’ (संशयी माणसाचा नाश होतो) हे चौथ्या अध्यायात श्रीकृष्णांनी अर्जुनाला ऐकवलेले वचन आपल्याला पाठ असते आणि त्याच्या धाकाने आपण मनातली शंका दडपतो. पण सहाव्या अध्यायात तोच अर्जुन मन वाऱ्यासारखे अनावर असल्याचे सांगतो आणि साधना अर्धवट राहिली तर माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट होत नाही ना, असे विचारतो. श्रीकृष्ण रागावत नाहीत. ते त्याला ‘तात’ म्हणतात आणि कल्याणाच्या वाटेवर असलेल्या कोणाचीही दुर्गती होत नाही, असे आश्वासन देतात. माझ्या मते नाश होतो तो शंका कोंडून ठेवणाऱ्याचा. ती गुरूंपुढे किंवा ग्रंथापुढे ठेवणाऱ्याची वाट खुली राहते.

मन आवरण्याचे साधन म्हणून तेथे अभ्यास आणि वैराग्य सांगितले आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असताना आपले कोळी बांधव होड्या शाकारून जाळी विणतात, तसा हा अभ्यास मन खवळलेले असतानाही करता येतो. पावसच्या परंपरेत त्यासाठी श्वासाबरोबर सोऽहंचे, म्हणजे ‘तो मीच आहे’ याचे, अनुसंधान आहे. बसल्यावर ‘मला हे जमणार नाही’ असा विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नये आणि उठूही नये. पुढच्या श्वासाकडे लक्ष वळवावे. ज्यांना आजच आरंभ करावयाचा आहे, त्यांनी घरी गेल्यावर सहाव्या अध्यायातील ३३ ते ४० हे श्लोक ज्ञानेश्वरीतील ओव्यांसह वाचावेत.