मोट बघायची ती दोराकडून

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं, जुनं गावजीवन पुतळ्यांतून दाखवणारं म्युझियम बघून आलेल्यांना काय बघितलं म्हणून विचारा. "पुतळे हुबेहूब आहेत," हेच उत्तर येतं. आहेतच. पण बघायचं ते पुतळ्याच्या हातातलं काम.

बेळगावहून संकेश्वर, निपाणी, कागल मागे टाकून गोकुळ शिरगावजवळ वळायचं. साधारण शंभर किलोमीटर. सकाळी लवकर निघा, कारण सगळं उघड्यावर आहे आणि दुपारी फरशी तापते. तीन तास तरी हाताशी ठेवा. शक्य झालं तर घरातल्या आजी-आजोबांना बरोबर न्या. पाटीवर नसतं ते त्यांच्याकडून कळतं.

मोटेपाशी, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या कातडी पिशवीपाशी थांबा आणि आधी दोर मोजा. दोन असतात. जाड तो नाडा, वरच्या चाकावरून जाणारा, मोटेचं वजन पेलणारा. बारीक तो सोंदूर, खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या लाकडावरून, सोंडेच्या तोंडाला बांधलेला. सोंड म्हणजे मोटेची पाणी ओतायची लांब नळी. मोट वर येताना सोंड दुमडून तिचं तोंड मोटेतल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहतं, म्हणून सांडत नाही. काठाशी आल्यावर मोट वर चढत जाते, सोंड मात्र कण्यावरून पुढं ओढली जाऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात, मोकळी होते. माणसाला हात लावावा लागत नाही. सोंदूर लांब झाला तर सोंड खाली लोंबते आणि पाणी परत विहिरीत. मांडून ठेवलेल्या कुठल्याही मोटेचे दोन्ही दोर एकाच चाकावर दिसले, तर बांधणाऱ्यानं मोट चालताना बघितलेली नाही असं खुशाल समजा!

तसंच कुरीचं, म्हणजे पेरणीच्या अवजाराचं. पाटीवर पाभर लिहिलेलं असेल, कानडीत कूरिगे. चाड्यावर, म्हणजे बी टाकायच्या वाटीवर, मूठ धरून बी सोडायचं, ते नळ्यांतून फणामागं पडतं. ओली माती नळीत बसली की पेरणीची तेवढी ओळ मोकळी जाते, आणि ते कळतं उगवण झाल्यावर! म्हणून पेरणारा सारखा मागं वळून बघायचा. जात्याच्या, म्हणजे बीसुकल्लूच्या, पाळीवर टाकीचे, म्हणजे दगड टोचायच्या छिन्नीचे, घाव आहेत का बघा. गुळगुळीत झालेलं जातं दाणे नुसते भरडतं.

आता राणी चन्नम्माचं कित्तूर. बेळगावहून धारवाडच्या वाटेवर, पन्नासेक किलोमीटर. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत इंग्रजांचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे इथंच पडला. किल्ल्यातल्या संग्रहालयाला अर्धा तास पुरतो, पण पडक्या वाड्याला जास्त वेळ द्या. न्हाणीघर, पाण्याची वाट, जोती बघताना घर कसं चालत होतं ते उमगतं. सरकारी संग्रहालयांना बरेचदा सोमवारी सुट्टी असते, आधी चौकशी करून निघा.

आणि गोकाक. घटप्रभा इथं ५२ मीटर खाली उडी घेते. आपल्या बेळगावचा काळा दगड लाव्हाचा, गोकाकचा मात्र त्याहून कितीतरी जुना, कठीण वालुकाश्म. पावसाळ्यात धबधबा दिसतो, दगड दिसत नाही. दगड बघायचा तर उन्हाळ्यात जा. पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून खडक कोरतात, आणि तेच गोटे खळग्याच्या तळाशी गोल होऊन पडलेले सापडतात. उतरताना शेवाळाची जागा टाळा. वरच्या अंगाला हिडकलचं धरण आहे. पाणी सोडलं की इथं ऊन असतानाही पात्र भरतं, तेव्हा उतरण्याआधी काठावरच्या माणसांना विचारा.