दिसायला सारखेच काळे

[दृश्य: रात्र. आइसलँडमधलं फाग्राडाल्सफ्याल. विवरातून उसळणारा लाव्हा.]

19 मार्च 2021. आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर जवळपास 800 वर्षांनी पुन्हा जमीन उकलली.

[दृश्य: उष्णतारोधक पोशाखातली व्यक्ती, हातात लांब दांडा.]

आता जरा उजवीकडे बघा, दांडा धरलेल्या या व्यक्तीकडे. दांड्याच्या टोकाला चिकटलेला लाव्हा थेट पाण्याच्या बादलीत जातो. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि काही सेकंदांत हाती येते काळी काच. तोच लाव्हा सावकाश थंड होऊ दिला तर त्यात स्फटिक वाढतात आणि मूलद्रव्यं त्यांच्यात वाटली जातात. बादलीतल्या काचेला तेवढी सवडच मिळत नाही. द्रवाची रचना होती तशी गोठते. पिशवीवर तारीख, वेळ, जागा लिहायची आणि पुन्हा विवराकडे वळायचं. सप्टेंबरमध्ये उद्रेक थांबेपर्यंत नमुने गोळा होत राहिले.

या पिशव्या तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या, तेव्हा दिसलं की पहिल्या काही आठवड्यांतच लाव्हाचं रसायन बदलत गेलं होतं. टायटॅनियमच्या तुलनेत पोटॅशियम वाढत चाललं होतं. सुरुवातीचा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तुलनेनं उथळ भागातून आला होता. नंतर त्यात आणखी खोलवर वितळलेला रस मिसळू लागला. सुमारे 15 किलोमीटर खाली, पृथ्वीचं कवच संपून त्याखालचा खडकाचा थर, म्हणजे प्रावरण, सुरू होतो तिथे, ही सरमिसळ चालू होती. वर धार तशीच, रंगही तोच.

[दृश्य: पांढऱ्या टेबलावर चार काळे दगड. कॅमेरा सावकाश एकावरून दुसऱ्यावर.]

हे चारही बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक. एक अटलांटिकच्या तळावरचा, एक हवाईचा, एक सामोआचा, एक पॅसिफिकच्या काठावरच्या ज्वालामुखीचा. चारही दगडांत सिलिका साधारण 45 ते 52 टक्के. नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखून दाखवणं अनुभवी भूशास्त्रज्ञालाही अवघड जाईल.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद. रंग उजळतात.]

आता त्यातलाच एक दगड, 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासलेला. इतका पातळ की त्यातून प्रकाश आरपार जातो. ध्रुवित प्रकाशात निळे-गुलाबी झळकतात ते ऑलिव्हिन या खनिजाचे कण, काळे-पांढरे पट्टे प्लेजिओक्लेज या दुसऱ्या खनिजाचे. हे दृश्य थोडा वेळ असंच राहू द्या.

[पाच सेकंद निवेदन नाही.]

हे दगड ज्या रसातून बनले, तो तयार होतो प्रावरणात. कवचाखालून गाभ्यापर्यंत, म्हणजे सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेला हा खडकाचा थर. तो द्रव आहे असा समज सर्रास आढळतो, पण प्रावरण घन आहे. तापलेला खडक फार सावकाश वर सरकतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. किती भाग आणि किती खोलीवर, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम, युरेनियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, प्रावरणातल्या खनिजांच्या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यामुळे खडक वितळायला लागला की हे सगळे आधी बाहेर पडतात. शंभरातले दोनच भाग वितळले, तर त्या थोड्याशा रसात ही मूलद्रव्यं दाटीवाटीनं असतात. दहा-पंधरा भाग वितळले की ती विरळ होतात. खोलीची खूण वेगळी. साधारण 80 किलोमीटरच्या खाली प्रावरणात गार्नेट हे खनिज असतं आणि ते यटर्बियमसारखी जड मूलद्रव्यं धरून ठेवतं. लाव्हात यटर्बियम कमी सापडलं, की वितळण्याच्या जागी गार्नेट होतं असं समजायचं.

[दृश्य: समुद्रतळ. पाणबुडीच्या दिव्यात उशांसारखे गोल लाव्हा.]

महासागरांच्या तळावरून सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची ज्वालामुखी पर्वतरांग जाते. पृथ्वीवरचा बहुतेक शिलारस इथेच वर येतो, आणि तो प्रत्यक्ष पाहिलेली माणसं अगदी मोजकी. या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के. कारण इथलं प्रावरण आधीच एकदा पिळून निघालंय; खंडांचं कवच त्यातूनच घडलं. बेटांवरच्या अल्कली बेसॉल्टमध्ये, म्हणजे सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या बेसॉल्टमध्ये, हाच आकडा 1 टक्का किंवा त्याहून जास्त असतो.

[दृश्य: प्रयोगशाळा. करवत, चक्की, पांढरे कोट.]

आकडे असे सहज हाती लागत नाहीत. आधी हवेनं-पाण्यानं खराब झालेली साल करवतीनं काढून टाकायची. मग दळण, तेही शक्यतो अगेट या कठीण दगडाच्या चक्कीत. टंगस्टन कार्बाइडची चक्की वापरली तर टंगस्टन, कोबाल्ट, टँटलम पुडीत उतरतात आणि त्यांच्या मोजणीवर पाणी पडतं. थोडी पूड लिथियम बोरेटबरोबर 1,000 अंशांच्या वर वितळवून काचेची चकती करतात आणि तिच्यावर क्ष-किरण सोडतात. उरलेली पूड टेफ्लॉनच्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. सिलिकाला विरघळवणारं आम्ल ते हेच. मग थेंब-थेंब गाळत स्ट्रॉन्शियम, निओडिमियम, शिसं एकमेकांपासून वेगळं करायचं. धुळीचा एक कण पडला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

[दृश्य: वस्तुमान-पंक्तिमापी. पडद्यावर सरकणारे आकडे.]

हे यंत्र समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचं, गुणोत्तर दशांश चिन्हानंतर पाच-सहा स्थळांपर्यंत सांगतं. रुबिडियम 87 चं स्ट्रॉन्शियम 87 होतं, पण त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे 49 अब्ज वर्षं. म्हणजे दोन बेसॉल्टमध्ये स्ट्रॉन्शियम 87 आणि 86 यांचं गुणोत्तर वेगळं निघालं, तर त्यांचे मूळ स्रोत फार फार काळ एकमेकांत मिसळले नव्हते. वितळताना हे गुणोत्तर बदलत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येते.

1964 मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ पॉल गॅस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन आणि गॉफ या दोन बेटांच्या लाव्हातलं शिसं आणि स्ट्रॉन्शियम मोजलं. दोन्ही बेटं त्याच महासागरातली, पण गुणोत्तरं वेगळी. प्रावरण सगळीकडे एकसारखं नाही, हे त्या मोजणीनं दाखवून दिलं. पुढे हवाईतही तसंच आढळलं. मौना लोआ आणि किलौएया हे ज्वालामुखी अगदी शेजारी, तरी दोघांच्या शिशाची गुणोत्तरं निराळी. हिंदी महासागराच्या तळावरचे बेसॉल्टही पॅसिफिकच्या बेसॉल्टपासून असेच वेगळे ओळखू येतात. खंडावर मात्र जपून बोलावं लागतं. सायबेरिया असो की दख्खन, जाड कवचातून येताना रस वाटेतला खडक खातो आणि मूळ खूण पुसट होते.

[दृश्य: नकाशा. पॅसिफिकभोवतीची ज्वालामुखींची माळ.]

या काठांवर समुद्रतळ खाली बुडतो, त्यातलं पाणी प्रावरणात शिरतं आणि प्रावरण वितळतं. इथल्या लाव्हात बेरियम, शिसं वाढतं, नायोबियम कमी राहतं. तळावरचा गाळसुद्धा खाली जातो, याचा पुरावा म्हणजे बेरिलियम 10. ते हवेत वैश्विक किरणांमुळे बनतं, गाळात साचतं, आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे 14 लाख वर्षं. अल्युशियन आणि मध्य अमेरिकेच्या लाव्हात ते सापडलंय. किती वायू हवेत जाईल, उद्रेक किती स्फोटक होईल, हेही याच रसायनावर ठरतं.

[दृश्य: सामोआ. किनाऱ्यावर लाटा, काळा खडक.]

सामोआच्या काही लाव्हांत स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर 0.72 च्या घरात जातं. समुद्रतळाच्या बेसॉल्टमध्ये ते 0.703 च्या आसपास असतं. एवढा फरक पडायला खंडावरून वाहून आलेला गाळ प्रावरणात पुरलेला असावा लागतो. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाच्या लाव्हातलं शिसं जुन्या, बुडालेल्या समुद्रतळाकडे बोट दाखवतं.

[दृश्य: ऑलिव्हिनचा एक कण, खूप मोठा केलेला.]

आणि कुक बेटांमधलं मंगाया. तिथल्या ऑलिव्हिनच्या कणांत अडकलेल्या गंधकाची समस्थानिकं 2013 मध्ये तपासली गेली. त्यात अशी खूण मिळाली, जी हवेत ऑक्सिजन नसतानाच तयार होऊ शकत होती. म्हणजे किमान 2.45 अब्ज वर्षांपूर्वी हे गंधक पृथ्वीच्या पृष्ठभागावर होतं. ते कवचाबरोबर खाली गेलं, प्रावरणात राहिलं आणि या बेटाच्या लाव्हातून पुन्हा वर आलं.

[दृश्य: जॉइडस रिझोल्यूशन. डेकवर ओढून घेतलेली गाभ्याची नळी.]

मंगायावर हातोडा घेऊन चालत जाता येतं. समुद्रतळासाठी जहाज लागतं. 1985 पासून जॉइडस रिझोल्यूशन हे जहाज तळाला भोकं पाडून खडकाचे गाभे, म्हणजे लांब दंडगोल तुकडे, वर आणत होतं. 2024 मध्ये त्याचं काम थांबलं.

[दृश्य: गाभ्यांचं कोठार. फळ्यांवर लांब डबे.]

आणलेले गाभे जर्मनीतलं ब्रेमेन, जपानमधलं कोची आणि टेक्सासमधलं कॉलेज स्टेशन इथे ठेवले आहेत. प्रत्येक गाभा उभा चिरलेला. एका अर्ध्या भागातून संशोधकांना तुकडे कापून मिळतात. दुसरा अर्धा भाग नुसता राखून ठेवतात, नंतर येणाऱ्यांसाठी.

[डबा फळीवर सरकतो. दिवा मालवतो.]