पाचवी चाल

(अमळनेर. उन्हाळ्याची संध्याकाळ. पत्र्याखाली फिरणारा पंखा, टेबलावर उघडा पट.)

मे महिन्यात अमळनेरला ऊन उतरल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. त्यामुळे बुद्धिबळाचा क्लब भरतो तो साडेसातला. क्लब म्हणजे एक खोली, चार पट आणि दोन चालू घड्याळं.

हे अप्पा. मागच्या बुधवारी काळ्या सोंगट्या घेऊन हरले. जाताना म्हणाले, "सतराव्या चालीला हत्ती फुकट गेला भो, नाहीतर डाव माझाच होता."

हरलेला माणूस शेवटची चूक धरून बसतो. नातवाने मात्र चाली लिहिलेला कागद मागून घेतला आणि डाव पहिल्यापासून मांडला.

(कागदाचा क्लोजअप. बोट पाचव्या ओळीवर थांबतं.)

सुरुवात सरळ आहे. दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे, मग दोघांचा एकेक घोडा. पांढऱ्याचा उंट सी-४ वर (अक्षर पटाच्या उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), अप्पांचा दुसरा घोडा एफ-६ वर. आता पांढऱ्याचा घोडा जी-५ वर उडी घेतो. उंट आणि घोडा, दोघांची नजर एकाच प्याद्यावर, एफ-७ वर. त्याला राखायला राजा एकटाच. अप्पांनी डी-५ करून उंटाची वाट अडवली. बरोबरच केलं. पांढऱ्याने ते प्यादं मारलं, अप्पांनी लगेच घोड्याने परत मारलं.

इथेच घात झाला.

पांढरा एफ-७ वर घोडा बळी देतो. राजाने तो मारला की वजीर एफ-३ वरून शह देतो आणि त्याच दमात डी-५ च्या घोड्यावरही मारा करतो. घोडा वाचवायचा तर राजालाच ई-६ वर, भर चौकात यावं लागतं. या हल्ल्याला 'फ्राइड लिव्हर' म्हणतात. आपल्याकडे कलेजी फ्रायच म्हणायचं.

सतराव्या चालीचा हत्ती हा नंतरचा हिशेब.

पण अप्पांनी घोड्याने ते प्यादं का मारलं? ते वडिलांकडून देशी डाव, म्हणजे जुन्या भारतीय नियमांचं बुद्धिबळ, शिकले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. हातघाई उशिरा होते, तोवर घर लावून होतं. नामवंत बुद्धिबळपटू मीर सुलतान खान याच देशी डावावर वाढले. १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले, पुढे माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. तरी सुरुवातीच्या चाली हीच त्यांची कच्ची बाजू होती. अप्पांना हे सांगितलं तर ते भलतेच खुलले.

(पट पुन्हा पाचव्या चालीवर.)

मग मारायचं नाही तर काय? पहिला घोडा ए-५ वर, उंटाच्या अंगावर. उंट बी-५ वरून शह देतो, काळा सी-६ ने अडवतो. प्याद्यांची मारामारी होते आणि काळ्याचं एक प्यादं कमीच राहतं. अप्पांना हे पटेना. "प्यादं देऊन मिळालं काय?" नातू म्हणाला, "उंट पळतो ना अप्पा, तेवढ्यात तुमच्या सोंगट्या बाहेर." तीन संध्याकाळी हेच चाललं. चहा दोनदा गार झाला.

(पुढचा बुधवार. तोच प्रतिस्पर्धी.)

अप्पा तयारीत आहेत. उंट सी-४, घोडा एफ-६. समोरचा विचार करतो, घोड्याकडे हात नेतो, मागे घेतो.

आणि प्यादं डी-३ वर ठेवतो.

अप्पा मान वर करून नातवाला शोधतात.